काळ्या मातीचे मूळ आणि तिचा खंड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने खडकांविषयी बोलावे, हे सकृद्दर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु अर्थशास्त्रातील सर्वांत जुन्या वादांपैकी एक वाद जमिनीपासूनच सुरू होतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली खंडाची जी उपपत्ती मांडली, तिचा आशय असा की, जमिनीच्या अंगी ज्या मूळच्या आणि कधीही न संपणाऱ्या शक्ती आहेत, त्यांच्या वापराचा मोबदला म्हणजे खंड. हा मोबदला श्रमाचा नव्हे, भांडवलाचाही नव्हे. तो मातीच्या गुणाचा आहे. गेली दोनशे वर्षे आपण या विधानाच्या एकाच अंगाची चर्चा केली. ती म्हणजे हा मोबदला कोणाला मिळावा. त्या 'मूळच्या' शक्ती मुळात कोठून आल्या, आणि त्या खरोखरच कधी न संपणाऱ्या आहेत काय, हे प्रश्न आपण बाजूला ठेवले. वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला ते बाजूला ठेवता येणार नाहीत. येथील सारे राजकारण आणि सारे अर्थकारण काळ्या मातीवर उभे आहे.

ही माती बेसॉल्ट या काळ्या खडकाची आहे. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि मध्ये पूर्णेचे खोरे, अशी आपल्या दोन जिल्ह्यांची साधारण रचना. डोंगरांचा दगड झिजला, कुजला, नद्यांनी वाहून आणला आणि खोऱ्यात साठला. बेसॉल्टमध्ये चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. त्याच्या झिजेतून जी चिकणमाती बनते ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मधल्या काळात ओल धरून ठेवते. ओलिताशिवाय कापूस पिकू शकतो तो या ओलीच्या बळावर. म्हणजे रिकार्डोची 'मूळची शक्ती' आपल्याकडे शोधावयाची असेल, तर ती या खडकात शोधली पाहिजे.

हा खडक आला कोठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून शिलारस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज त्याचे जे अवशेष उरले आहेत, त्यांनीच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या या रचनेला भूशास्त्रज्ञ 'दक्षिण ट्रॅप' म्हणतात. हे थर गाविलगडच्या कड्यावर किंवा नरनाळ्याच्या पायथ्याशी कोणालाही नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. परंतु खडकाकडे पाहून त्याचे वय जेमतेम अदमासता येते. त्याचे मूळ पाहून कळत नाही. त्यासाठी समस्थानिकांची साक्ष काढावी लागते.

समस्थानिके म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एकाच मूलद्रव्याचे सर्व अणू वजनाने सारखे नसतात. स्ट्राँशियमचे काही अणू ८६ वजनाचे, तर काही ८७ वजनाचे असतात. पैकी ८६ची संख्या काळाबरोबर बदलत नाही. ८७ची मात्र वाढत जाते. कारण रुबिडियमचा ८७ वजनाचा अणू किरणोत्सारी असून तो मोडून स्ट्राँशियम-८७ तयार होतो. ही क्रिया अत्यंत संथ आहे. निम्मे रुबिडियम मोडावयास सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात, आणि पृथ्वीचे वय तर साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपास आहे. म्हणून ज्या पदार्थात रुबिडियम अधिक आणि ज्याचे वय अधिक, त्याच्यात ८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर चढे, असा हा सरळ हिशेब आहे.

आता पृथ्वीच्या पोटाचा विचार करा. वर पातळ कवच, त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. प्रावरणाचा काही अंश वितळतो तेव्हा रुबिडियम त्या रसात अधिक प्रमाणात जाते आणि रसाबरोबर वर येते. अब्जावधी वर्षे हे चालू राहिल्यामुळे खंडांच्या कवचात रुबिडियम साचले, खालच्या प्रावरणात ते कमी उरले. त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटमध्ये हे गुणोत्तर ०.७२ किंवा त्याहूनही वर जाते, तर समुद्रतळाच्या मध्यवर्ती कण्यावर निघणाऱ्या लाव्हात ते ०.७०३च्या आसपास असते. फरक दिसावयास क्षुल्लक, परंतु मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र पाचव्या दशांशापर्यंत मोजते. आणि मुख्य गोष्ट ही की, खडक वितळला म्हणून हे गुणोत्तर बदलत नाही. हंड्यातले दूध पेल्यात ओतले तरी त्यातले पाण्याचे प्रमाण तेच राहते, तसेच हे आहे. ज्या साठ्यातून रस निघाला, त्या साठ्याची खूण तो आपल्याबरोबर वर घेऊन येतो. निओडिमियम, शिसे आणि हेलियम यांच्या समस्थानिकांवरूनही अशीच तपासणी करतात.

या तपासणीत ज्वालामुखी बेटांना विशेष महत्त्व आहे. खंडाच्या जाड आणि जुन्या कवचातून येणारा रस वाटेत त्या कवचाचा अंश उचलतो. मग मूळची खूण कोणती आणि वाटेतली भर कोणती, हे सांगणे कठीण होते. समुद्रातील बेटाखालचे कवच पातळ व तुलनेने तरुण असते. म्हणून बेटांचा लाव्हा हा पोटातील प्रावरणाचा अधिक निर्मळ साक्षीदार. १९६४ साली पॉल गास्ट, जॉर्ज टिल्टन आणि कार्ल हेज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अटलांटिक महासागरातील असेन्शन आणि गॉफ या दोन बेटांवरील शिसे व स्ट्राँशियम तपासले, तेव्हा दोन्ही बेटांच्या खुणा वेगवेगळ्या निघाल्या. प्रावरण सर्वत्र एकजिनसी आहे, ही समजूत तेथे मोडली. पुढे १९८२ साली हॉफमन आणि व्हाइट यांनी असे प्रतिपादन केले की, समुद्रतळाचे जुने कवच प्रावरणात खोल बुडते आणि कोट्यवधी वर्षांनी बेटांच्या लाव्हातून त्याचा अंश पुन्हा वर येतो. नेपोलियनला ज्या सेंट हेलेना बेटावर ठेवले होते, तेथील लाव्हाची शिशाची खूण अशा पुनरागमनाचे ठळक उदाहरण मानली जाते.

आपल्या खडकाचा धागा ज्या बेटाशी जुळतो ते रीयुनियन, हिंदी महासागरातील, मादागास्करच्या पूर्वेकडील. योगायोग असा की अमरावती विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ २१ अंशांवर आहे आणि रीयुनियन दक्षिणेस जवळजवळ तितक्याच अंशांवर. तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार जागा होतो. सर्वसाधारण मत असे आहे की, त्या बेटाखाली प्रावरणातून वर येणारा एक तप्त स्तंभ आहे. आपला भूभाग उत्तरेकडे सरकत असताना तो त्या स्तंभावरून गेला आणि दक्षिण ट्रॅपचा लाव्हा त्या वेळी ओतला गेला. भूभाग पुढे सरकत राहिला, स्तंभ मागे राहिला आणि त्याच्या वाटेवर बेटांची माळ उमटली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मस्कारीन पठार, मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन.

हे कल्पित असेल तर माळेतील वये क्रमाने कमी होत जाणार नाहीत. ती होतात काय, हे पाहण्यासाठी १९८७ साली संशोधन-जहाजातून समुद्रतळाला विवरे पाडण्यात आली. मालदीवच्या कण्याचा बेसॉल्ट सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा, चागोसच्या उत्तर भागाचा सुमारे ४ कोटी ९० लाख, मस्कारीन पठारावरील एका ठिकाणचा सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षांचा निघाला. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक सुमारे ९० लाख वर्षांचे आणि रीयुनियनचे उघडे खडक सुमारे २० लाखांचे. क्रम जुळला. समस्थानिकांची साक्षही बऱ्याच अंशी जुळते. महाबळेश्वरच्या घाटातील आंबेनळी हा थर वाटेतील कवचाचा अंश फार कमी असलेला. त्याचे स्ट्राँशियम-गुणोत्तर ०.७०४च्या आसपास, आणि रीयुनियनच्या लाव्हाचेही तितकेच. १९९३ साली आशिष बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातील मुंडवाडा व सरणू येथील, ट्रॅपच्या मुख्य उद्रेकाच्या थोड्या आधीच्या खडकांतील हेलियम मोजले. पृथ्वीच्या जन्मापासून खोल पोटात राहिलेल्या हेलियम-३चे प्रमाण त्यांत हवेतील प्रमाणाच्या सुमारे चौदा पट होते. रीयुनियनचा आकडाही साधारण बारा ते चौदा पटींच्या घरात आहे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या आयआयटीतील भूशास्त्रज्ञ हेतू शेठ यांनी २००५ साली या स्तंभाच्या कल्पनेवरच सविस्तर आक्षेप घेतला. त्यांच्या मते भूखंडाचे जुने दुबळे पट्टे ताणले जाऊन फाटणे, हेच या उद्रेकाचे अधिक सरळ स्पष्टीकरण आहे. वाद मिटलेला नाही. तो चालू आहे तो ज्याच्या त्याच्या अभिमानावर नव्हे, मोजमापावर चालू आहे. ज्या काळात कोणत्याही शोधाचे मूळ आपल्याच पुराणात आहे असे सभांतून बिनदिक्कत सांगितले जाते, त्या काळात कार्यकर्त्याने ही शिस्त ध्यानात घेण्यासारखी आहे. मूळ कोणते हे रंगरूपावरून ठरत नाही आणि दाव्यावरूनही ठरत नाही.

रंगरूपाविषयीचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. १९९८ साली पेंग, महोनी आणि सहकाऱ्यांनी महू, जबलपूर आणि आपले चिखलदरा या भागांतील थरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रासायनिक घटकांवरून यांतील अनेक थर सह्याद्रीतील पोलादपूर किंवा आंबेनळी थरांसारखे दिसत होते. म्हणजे सह्याद्रीतील लाव्हाच वाहत इकडवर आला, असे कोणी म्हणू शकले असते. शिशाच्या समस्थानिकांनी पुष्कळ थरांच्या बाबतीत फरक दाखवला. दिसण्यात सारखेपणा होता, घडणीत नव्हता. मूळ रस सजातीय असला तरी वर येताना त्याने निरनिराळ्या ठिकाणच्या जुन्या कवचाचा निरनिराळा अंश घेतला होता. हे जुने कवच कसे असते, ते पाहावयाचे असेल तर मोर्शी तालुक्यात साळबर्डीला जावे. ट्रॅपच्या खाली एरवी झाकलेले प्राचीन खडक तेथे भ्रंशामुळे उघडे पडले आहेत. सह्याद्रीतील बुशे हा थर तर कवचाच्या भेसळीने इतका बदलला आहे की त्याचे स्ट्राँशियम-गुणोत्तर ०.७१३च्याही वर जाते.

निर्मळ समजली जाणारी बेटेही याला सर्वस्वी अपवाद नाहीत. २०१३ साली मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत बेटाहून कितीतरी पटींनी जुने, ६६ ते १९७ कोटी वर्षांचे झिरकॉनचे कण सापडले. २०१७ साली बेटाच्याच एका खडकात सुमारे ३०० कोटी वर्षांचे कण मिळाले. ९० लाख वर्षांच्या बेटाखाली एका बुडालेल्या प्राचीन भूखंडाचा तुकडा दडलेला आहे, असा त्याचा अर्थ लावतात. शुद्ध मूळ नावाची वस्तू पृथ्वीच्या पोटातही दुर्मिळ आहे. 'भूमिपुत्र' या शब्दावर मते मागणाऱ्यांना हे सांगावयास हरकत नाही. ज्या भूमीचे पुत्र म्हणवून आपण शेजारच्याला परका ठरवतो, ती भूमी स्वतः दक्षिण गोलार्धातून आलेली आहे आणि अनेक साठ्यांच्या मिश्रणातून बनलेली आहे.

आता रिकार्डोकडे परत येऊ. मूळच्या शक्ती कोठून आल्या, याचे उत्तर मिळाले. त्या प्रावरणातून आल्या, जुन्या कवचाचा अंश घेऊन आल्या, ऊनपावसाने कुजून माती झाल्या. या कामात कोणा देशमुखाचा, कोणा सरकारचा किंवा कोणा कंपनीचा कणभरही श्रम नाही. मातीच्या या मूळ गुणाचा मोबदला कोणाही एकाचा असू शकत नाही, हे समाजवादी विधान आता केवळ नीतीवर उभे राहत नाही. त्याला खडकाचा आधार आहे.

प्रत्यक्षात मात्र हा मोबदला कोणी नेला? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले, त्यामागे येथील कापसाचे मोल होतेच. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली, १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली. १८४७च्या विंगेट-गोल्डस्मिड अहवालाने ठरवून दिलेल्या त्या पद्धतीत मातीची खोली, रंग आणि दोष पाहून शेताची प्रत आण्यांत लावली जाई. म्हणजे मातीचे शास्त्र त्या सरकारलाही हवे होते. ते कशासाठी, तर सारा किती बसवता येईल हे ठरवण्यासाठी. मातीच्या गुणाचा मोबदला सारा, व्याज आणि अडत या तीन वाटांनी गेला. कसणाऱ्याकडे राहिली ती जोखीम. आज साऱ्याची जागा बियाणे, खते आणि औषधे यांच्या किमतींनी घेतली आहे. कोरडवाहू शेतकरी सात-बारावर मालक आहे, पण खंड त्याच्या हाती येत नाही. आणि मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्याचे तर सात-बारावर नावही नसते.

हीच कथा त्या बेटांच्या माळेवर घडली. १८३४पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे तेथे गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती, त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. त्या मळ्यांतील काळे धोंडे वेचून त्यांचे जे ढिगारे रचले गेले, ते आजही उसाच्या शेतांत उभे दिसतात. ज्या साठ्याच्या दगडाने कोकणचे कडे घडले, त्याच साठ्याचे धोंडे त्या मजुरांनी परमुलखात उचलले. जमीन साफ त्यांनी केली, मालकी मळेवाल्यांची राहिली. माळेतल्या चागोस बेटांवरून तर १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियाच्या लष्करी तळासाठी सर्व रहिवाशांना हुसकावून लावण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली ब्रिटनचा तेथील ताबा बेकायदेशीर असल्याचा अभिप्राय दिला. २०२५च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात बेटांच्या हस्तांतरणाचा जो करार झाला, त्यातही तळासाठी ९९ वर्षांची तजवीज आहेच. बेटे कोणी बनवली नाहीत. परंतु त्यांवरून माणसे कोणी काढली, याची नोंद आहे.

राहिला दुसरा प्रश्न: या शक्ती अविनाशी आहेत काय? येथे रिकार्डो सपशेल चुकला. इंचभर माती बनावयास शतके लागतात आणि बांधबंदिस्ती नसेल तर एका पावसाळ्यात ती वाहून जाते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आपल्यासमोर आहे. वर उत्तम काळी माती आणि खाली खारे पाणी. विहीर असून ओलीत नाही, पाणी असून पिण्याजोगे नाही. कोरडवाहूपणाचा शाप तेथे भूगर्भातून आला आहे आणि अविचारी उपशाने तो वाढतो.

यातून आपल्या कामासाठी तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याचा, मक्तेदार-बटईदारांच्या नोंदीचा आणि गिट्टीसाठी डोंगर पोखरणाऱ्यांकडून येणाऱ्या स्वामित्वधनाचा प्रश्न हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. निसर्गाने दिलेल्या गुणाचा मोबदला कोणाच्या खिशात जातो, हा एकच प्रश्न आहे. श्रमाचे फळ श्रमणाऱ्याला मिळाले पाहिजे आणि खडकाचे फळ समाजाला. दुसरी अशी की, माती राखण्याचा खर्च हा शेतकऱ्यावर केलेला उपकार नव्हे. जो मोबदला दीडशे वर्षे येथून बाहेर गेला, त्याची ती अंशतः परतफेड होय, अशा भाषेत आपण मागणी केली पाहिजे.

तिसरी गोष्ट विद्येची. स्ट्राँशियमच्या ज्या गुणोत्तराने रीयुनियनचा धागा सापडतो, त्याच गुणोत्तराने भूजलातील क्षार बेसॉल्टच्या झिजेतून आले की अन्य साठ्यातून, याचा माग काढता येतो. ऑक्सिजन व हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून विहिरीचे पाणी यंदाच्या पावसाचे की बाष्पीभवनाने आटलेले जुने, हेही सांगता येते. ही यंत्रे सार्वजनिक पैशाने चालतात. त्यांचे निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांत छापले जातात, ते योग्यच आहे. पण खारपाण पट्ट्यातील ग्रामपंचायतीच्या फलकावर ते मराठीत लागले पाहिजेत. गावोगावच्या पाण्याची अशी तपासणी व्हावी आणि तिचे आकडे गावाच्या हाती यावेत, ही मागणी घेऊन आपल्या तालुका समित्यांनी जिल्हा परिषदेकडे गेले पाहिजे. १८४७च्या अहवालाने मातीचे शास्त्र सारा बसवण्यासाठी वापरले. ते शास्त्र कसणाऱ्याच्या बाजूने वापरणे हे आता आपले काम आहे. त्यासाठी कोणी भूशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. हिशेब मागण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.